मुंबई ते मालवण : अंतर किती आणि वेळ किती ?

एखादें गांव किती दूर आहे, या प्रश्नाचें उत्तर आपल्या आजी-पणज्यांनीं मैलांत क्वचितच दिलें असेल. सकाळचीं जेवणें आटोपून निघालां तर दिवेलागणीस पोंचाल, अथवा वाटेंत एक वस्ती करावी लागेल, अशा भाषेंत त्या बोलत. ‘मजल’ हा आपला शब्दच पाहा. मूळचा तो मुक्कामाचा वाचक. एका दिवसांत जेवढी वाट उरकेल तेवढी एक मजल. पुढें सरकारी सडका झाल्या, त्यांच्या कडेला मैलांचे दगड उभे राहिले, आणि अंतर ही वेळेहून निराळी अशी वस्तु आहे हें आपण शिकलों. आतां विमानाच्या युगांत चाक फिरून पुन्हां पूर्वीच्याच ठिकाणीं आलें आहे. मुंबईहून मालवण किती लांब, असें आज कोणास विचारा. तो किलोमीटर सांगणार नाहीं, तास सांगेल. मात्र ते तास कोठून कोठपर्यंत मोजले, हें तो बहुधा सांगत नाहीं. या लेखांत तोच हिशेब जरा बारकाईनें करावयाचा आहे.

प्रथम नुसतें अंतर घेऊं. मुंबईचा सांताक्रूझचा विमानतळ सुमारें १९ अंश ५ कला उत्तर अक्षांशावर आहे, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याचा चिपी येथील विमानतळ अगदीं १६ अंशांच्या रेषेजवळ. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. दोहोंमध्यें तीन अंशांहून थोडें अधिक, म्हणजे दक्षिणोत्तर साडेतीनशेंच्या आंतलेंच अंतर पडतें. चिपी किंचित् पूर्वेस आहे, तो फरक सत्तर किलोमीटरांचा. दोन्ही मिळून कर्णरेषा काढली तर सरळ अंतर भरतें सुमारें ३५० किलोमीटर. कावळा उडत गेला तर त्याला एवढेंच उडावें लागेल. माणसाला मात्र मोटारीनें मालवणास जावयाचें तर पांचशेंच्या घरांत किलोमीटर तोडावे लागतात. आगगाडीनें कुडाळपर्यंत जाण्यासही जवळजवळ तितकेच. म्हणजे सह्याद्रीचे फांटे, खाड्या आणि नद्या यांनीं आपल्या वाटेवर सुमारें दीडशें किलोमीटरांचा कर बसविला आहे.

मौज अशी कीं, हा कर पूर्वींच्या लोकांस द्यावा लागत नसे. मुंबई बंदरापासून मालवण बंदरापर्यंतची समुद्रांतील वाट जवळजवळ सरळ आहे. ती सव्वातीनशें किलोमीटरांहून फारशी अधिक नाहीं. ज्या काळीं आगबोट हेंच कोंकणचें मुख्य वाहन होतें, त्या काळीं मालवण हें मुंबईला मैलांच्या मापानें आजच्या सडकेपेक्षां पुष्कळ जवळ होतें. बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी मुंबईहून निघून रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत गोमंतकाकडे जात. परंतु बोटीचा वेग तो किती ! तासाला दहा-बारा सागरी मैल, आणि त्यांत प्रत्येक बंदरावर उतारू व माल यांची चढउतार. एक दिवस आणि त्याच्या मागोमाग एक रात्र डेकवर काढावी तेव्हां मालवणची किनारपट्टी दिसावी. वळकटी पसरून जागा धरणें, लिंबू चघळून पोटांतली मळमळ आवरणें आणि पोरांना कठड्यापासून दूर ठेवणें, हा त्या प्रवासाचा नित्यक्रम होता.

शिवाय बोट मालवणास ‘आली’ म्हणजे उतारू ‘पोंचला’ असें नव्हतें. मालवणच्या समुद्रांत पाण्याखालीं आणि पाण्याबाहेर खडकांची नुसती पेरणी आहे. शिवाजी महाराजांनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं कुरटें बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्या वेळीं हेच खडक त्यांना तटाइतके मोलाचे वाटले असतील. वाट ठाऊक नसलेल्या परक्या जहाजाला तेथें सुखानें शिरतां येत नाहीं. पण जो खडक शत्रूला अडवितो तो पाहुण्यालाही सोडीत नाहीं. आगबोट खोल पाण्यांत उभी राही, आणि उतारूंना पडावांत उतरून किनारा गांठावा लागे. लाटेबरोबर वरखालीं होणाऱ्या पडावांत कडेवरच्या मुलासह पाय टाकणें, हें साहस त्या काळच्या बायकांनीं किती वेळां केलें असेल त्याची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं.

यापेक्षांही मोठी अडचण म्हणजे पावसाळा. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत या किनाऱ्यावरची लांब पल्ल्याची बोटवाहतूक बंदच असे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करावा आणि मग दर्यावर भरंवसा ठेवावा, ही रीत केवळ धर्माची नव्हती. ती अनुभवाची होती. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळांत सांपडून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. रेवस तें किती जवळ ! पण त्या दिवशीं तें कोणालाच गांठतां आलें नाहीं. पावसाळ्यांत मालवणच्या माणसाला मुंबईहून घरीं जाण्याचा प्रसंग आला तर तो आगगाडीनें घाट चढून कोल्हापूर गांठी आणि तेथून मोटारीनें फोंडाघाट उतरून पुन्हां कोंकणांत येई. म्हणजे एकच गांव आश्विनांत एका अंतरावर असे आणि आषाढांत त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर. अंतर ही स्थिर वस्तु आहे असें मानणाऱ्या भूगोलाला कोंकणानें दिलेलें हें उत्तर होय.

मुंबई-ठाणें आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. तिचा धूर जेथून दिसला त्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोंकापर्यंत रूळ पोंचण्यास त्यानंतर जवळजवळ १४५ वर्षें लागलीं. बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनीं त्यासाठीं केलेला पाठपुरावा कोंकणांतील जुन्या पिढीस अजून स्मरतो. १९९० सालीं कोंकण रेल्वे महामंडळ स्थापन झालें, आणि ई. श्रीधरन् यांच्या देखरेखीखालीं डोंगर पोखरून, दऱ्यांवर पूल टाकून काम पुरें झालें. २६ जानेवारी १९९८ रोजीं सबंध मार्ग वाहतुकीस खुला झाला. रोहें येथून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारें ७४० किलोमीटर लांबीचा हा मार्ग. त्यावर नव्वदांहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारें दोन हजार पूल. एकटा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटर लांब आहे. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. रात्रीं मुंबईस गाडींत झोंपावें आणि सकाळीं कणकवली किंवा कुडाळ स्टेशनांत उतरावें, ही गोष्ट आतां इतकी सवयीची झाली आहे कीं तिच्यामागील श्रमांची आठवण कोणास राहिलेली नाहीं. २०२३ च्या जूनपासून मुंबई-मडगांव ‘वंदे भारत’ गाडी सुरू झाली. ती कोरड्या ऋतूंत पावणेसहा तासांच्या आंतबाहेर कणकवलीस पोंचविते. पावसाळ्यांत मात्र दरडींच्या भयानें कोंकण रेल्वे आपल्या गाड्यांचे वेग कमी करते आणि वेगळें वेळापत्रक लावते. मडगांवपर्यंतचे पावणेआठ तास मग दहांच्या घरांत जातात. आषाढाचें अंतर निराळें, हा जुना नियम येथेंही अजून पुरता सुटलेला नाहीं.

आतां विमानाकडे वळूं. कर्ली नदीच्या दक्षिणेस, वेंगुर्लें तालुक्यांतील परुळें गांवाजवळ चिपीचा उघडा सडा आहे. परुळ्यास आदिनारायणाचें, म्हणजे सूर्यदेवाचें, जुनें देवालय आहे. अनेक कुटुंबांचें तें कुलदैवत. त्या देवाच्या शेजारीं आतां अडीच हजार मीटर लांबीची धांवपट्टी झाली आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं तिचें उद्घाटन झालें आणि अलायन्स एअर कंपनीचें सुमारें सत्तर आसनांचें, दोन पंख्यांचें विमान मुंबईहून तेथें उतरलें. ही सेवा केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेखालीं होती. लहान गांवांकडे जाणाऱ्या विमानांचीं कांहीं आसनें ठराविक कमी भाड्यांत द्यावयाचीं आणि त्यामुळें कंपनीस येणारी तूट तीन वर्षेंपर्यंत सरकारी निधींतून भरून काढावयाची, अशी ती योजना. मुदत सरली कीं विमान आपल्या पायांवर उभें राहील अशी अपेक्षा असते. चिपीच्या बाबतींत २०२४ च्या ऑक्टोबरांत मुदत सरली आणि मुंबईच्या या सेवेलाही खंड पडला. दरम्यान त्याच वर्षीं फ्लाय नाइंटी-वन या नव्या कंपनीनें बंगळूर, हैदराबाद व पुणें येथून चिपीकडे विमानें सुरू केलीं. विमानांचीं वेळापत्रकें ऋतूगणिक बदलत असतात. तेव्हां निघण्यापूर्वीं चौकशी करावी हें उत्तम.

मुंबई-चिपी हें उड्डाण किती वेळाचें ? अशा जातीचें विमान हवेंत स्थिरावलें म्हणजे तासाला सुमारें ५०० किलोमीटर जातें. त्या वेगानें ३५० किलोमीटरांस ४२ मिनिटें पुरावींत. पण वेळापत्रकांत मात्र दीड तासाच्या जवळपास वेळ धरलेला असे. ही तफावत पाहून कित्येकांस आश्चर्य वाटतें. कारण साधें आहे. वेळापत्रकांतला वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणीं जागेवर उभें राहीपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदून जातात, त्यामुळें एका वेळीं एकीचाच उपयोग होतो, आणि एवढ्या गर्दीच्या ठिकाणीं लहान विमानाला रांगेंत तिष्ठावें लागतें. मग हळूहळू उंची गांठणें, तितक्याच हळूहळू खालीं येणें, वाऱ्याच्या दिशेप्रमाणें वळसा घेऊन धांवपट्टीच्या समोर येणें; यांत पूर्ण वेगाचा भाग थोडाच उरतो. अंतर जितकें कमी, तितका हा वरखर्च डोळ्यांत भरणारा. हजार किलोमीटरांच्या उड्डाणांत अर्धा तास कोठें गेला तें कळत नाहीं. साडेतीनशेंच्या उड्डाणांत तो निम्मा हिस्सा खातो.

आतां घरापासून घरापर्यंतचा हिशेब मांडून पाहूं. दादरच्या एका कुटुंबाला मालवणास जावयाचें आहे असें समजा. घरून विमानतळापर्यंत एक तास. उड्डाणापूर्वीं तपासणी वगैरेसाठीं दीड तास. प्रवास दीड तास. उतरून सामान हातीं येण्यास अर्धा तास. चिपीहून मालवण पाऊण तास. एकूण सव्वापांच तास. शेवटच्या पाऊण तासाचेंही कौतुक करण्याजोगें आहे. मालवण आणि चिपी यांत सरळ रेषेनें नऊ-दहा किलोमीटरांहून अधिक अंतर नाहीं. पण मध्यें कर्लीची खाडी आडवी आहे, आणि पुलासाठीं आंत नेरूरपारकडे वळसा घ्यावा लागतो. देवबागच्या वाळूंत उभें राहिलें तर पलीकडचा भोगव्याचा किनारा हांकेवर दिसतो. सडकेनें जाणाऱ्याला मात्र तो हांकेवर नाहीं. उलटपक्षीं, त्याच कुटुंबानें वंदे भारत गाडी धरली तर स्टेशनापर्यंत व गाडीची वाट पाहण्यास मिळून पाऊण तास, गाडींत पावणेसहा तास आणि कणकवलीहून मालवणास सवा तास, असे पावणेआठ तास होतात. म्हणजे आकाशांतून गेल्यामुळें वांचले ते अडीच तास. अडीच तास ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण ‘बेचाळीस मिनिटें’ ऐकून मनांत जें चित्र उभें राहतें तें हें नव्हे, एवढें खरें.

याच मापानें बंगळूर व हैदराबाद यांचा विचार केला तर निकाल निराळा लागतो. चिपीपासून हीं दोन्ही शहरें सरळ रेषेनें सुमारें ५४० ते ५५० किलोमीटरांवर, म्हणजे जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. तेथून मालवणास भुईवरून यावयाचें तर घाट उतरत सबंध रात्र प्रवासांत जाते. तेथें विमानानें वांचतो तो अर्धा-पाऊण दिवस. तेव्हां चिपीच्या विमानतळाचा खरा लाभ मुंबईकरापेक्षां दूरच्या शहरांत नोकरीस गेलेल्या मुलामुलींना अधिक, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मुंबईकराला तर आणखीही एक वाट आहे. ५ जानेवारी २०२३ पासून गोव्यांत पेडणें तालुक्यांत मोपा येथील नवा विमानतळ वाहतुकीस खुला झाला. तेथें उतरून बांदा-सावंतवाडीमार्गें मालवणास येणारे लोक पुष्कळ आहेत. विमानें तेथें अनेक येतात आणि रोज येतात, हाच त्या वाटेचा गुण.

येथें या सर्व हिशेबाचें मर्म आहे. गांव जवळ येतें तें वेगानें नव्हे, भरंवशानें. मालवणांतील एखाद्या घरीं म्हातारे आईवडील आहेत आणि मुलगा मुंबईस आहे. वडिलांस रात्रीं एकाएकीं जास्त झालें, फोन आला. त्या क्षणीं मुलाला ठाऊक असावें लागतें तें एवढेंच कीं, आपण केव्हां पोंचूं. आठवड्यांतून कांहींच दिवस उडणारें, ढग दाटले तर परतणारें विमान दीड तासाचें असलें तरी त्याला त्या रात्रीं उपयोगी नाहीं. रोज ठरलेल्या वेळीं सुटणारी नऊ तासांची गाडी त्याला अधिक जवळची. आणि घरच्या वृद्धाच्या दृष्टीनें पाहिलें तर मुलगा येईपर्यंतचे तास निभावून नेणारा वैद्य किती मिनिटांवर आहे, हा प्रश्न मुंबईच्या अंतराहून अधिक निकडीचा. आजवर सिंधुदुर्गांतील कठीण रोग्यांना गोव्यांत बांबोळीच्या इस्पितळाचा मोठा आधार वाटत आला आहे. २०२१ सालीं जिल्ह्याचें स्वतःचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें, तें जसजसें बळावेल तसतसें मालवण खऱ्या अर्थानें जगाच्या जवळ येईल.

आणखी एक गोष्ट आंकडे सांगतात, आणि ती विसरतां येत नाहीं. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून निराळा झाला तो १ मे १९८१ रोजीं. २००१ च्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्यें ती ८,४९,६५१ भरली. साऱ्या देशाची लोकसंख्या वाढत असतां या जिल्ह्याची मात्र घटली. आणि तीही केव्हां ? रेल्वे सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच दशकांत. रेल्वेमुळें लोक गेले असें म्हणणें अन्यायाचें होईल. गिरणगांवांत मालवणी माणूस पोटासाठीं गेला तो आगबोटीच्या काळापासूनच. परंतु वाट झाली म्हणजे माणसें परत येतीलच, ही समजूत तेवढीच भोळी आहे. वाट दोन्ही बाजूंनीं चालते. ती ज्याला आणते त्याला नेतेही. आणि गांवांत पोट भरण्याचें साधन नसेल तर नेण्याचें काम ती अधिक तत्परतेनें करते. चतुर्थीला गाड्या तुडुंब भरून येतात, दारें उघडतात, समया लागतात. गणपति गेले कीं त्याच गाड्या तितक्याच भरून परत जातात आणि दारांना पुन्हां कुलुपें लागतात. सत्तर आसनांचें विमान या लोंढ्यांतील किती जणांस पुरणार ? ज्याला तिकिटाचे पैसे परवडतात त्याच्यापुरतें तें अंतर कमी करतें. बाकीच्यांस मालवण तेवढेंच दूर राहतें.

याचा अर्थ विमान नको, असा मुळींच नव्हे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटांनीं कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जुहूस विमान उतरविलें, तेव्हां त्या विमानाचा सामान्य कुटुंबाशीं कांहीं संबंध येईल असें कोणास वाटलें होतें ? आज त्याच कुटुंबांतील आजी नातवाला भेटण्यासाठीं समुद्रापार जाऊन येते. चिपीचें विमानही एके दिवशीं रोजचें होईल, रात्रीं-पावसांत उतरूं शकेल, आणि मग त्याच्यावर विसंबतां येईल. तोंवर वाचकांनीं, विशेषतः मुलाबाळांसह कुलदैवताच्या दर्शनास निघणाऱ्या आमच्या भगिनींनीं, प्रवासाची आंखणी करतांना विमानाच्या मिनिटांवर भाळून न जातां घरच्या उंबऱ्यापासून गांवच्या उंबऱ्यापर्यंतचे तास मोजावे. परतीची दुसरी वाट हातीं ठेवावी. आणि जमल्यास एकदां तरी दिवसाच्या गाडीनें जावें. आकाशांतून कोंकण एका हिरव्या पट्टीसारखें दिसतें. गाडींतून तेंच एकेका नदीनें, एकेका बोगद्यानें उलगडत जातें, आणि उतरतांना आपण खरोखरच कोठून तरी कोठें तरी आलों आहों, हें मनाला पटतें.

सरळ रेषेनें साडेतीनशें, सडकेनें पांचशें, बोटीनें एक दिवस व एक रात्र, गाडीनें पावणेआठ तास, विमानानें सव्वापांच : मालवणच्या अंतराचीं हीं पांच उत्तरें खरींच आहेत. सहावें उत्तर मात्र प्रत्येकानें स्वतःच्या मनाशीं द्यावयाचें आहे. गेल्या वर्षांत आपण तेथें किती वेळां गेलों, आणि तेथें वाट पाहणाऱ्या माणसाजवळ किती दिवस राहिलों, यावरून तें काढावें.